सुरतेला नेलेलं मत

सुरत शहरातून डुमसच्या समुद्राकडे जाणारा रस्ता रविवारी संध्याकाळी माणसांनी भरून जातो. पोरंबाळं घेऊन लोक डुमसला जातात, टमेटाची भजी खातात, अंधार पडला की परततात. २१ जून २०२२ ला मंगळवार होता, तरी या रस्त्यावर गर्दी होती. ती पोलिसांची आणि कॅमेरेवाल्यांची. रस्त्यालगतच्या ल मेरिडियन हॉटेलात महाराष्ट्राचे नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे शिवसेना आमदार उतरले होते. आदल्या दिवशी मुंबईत विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री त्यांच्या गाड्या अहमदाबाद महामार्गाने निघून, राज्याची हद्द ओलांडून इथे आल्या. मुख्यमंत्री आणि पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्याकडून मिलिंद नार्वेकर आणि रवींद्र फाटक समजूत काढायला आले, बोलून परत गेले. त्यानंतर काही तासांत आमदार विमानाने गुवाहाटीला गेले. सुरतेत त्यांचा मुक्काम जेमतेम दिवसभराचा. पण महाराष्ट्राचं राजकारण त्या एका दिवसात जे वळलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

मी सुरतेत राहणारा मराठी माणूस. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलं, तर गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी कानावर पडते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या खेड्यांतून तापीच्या खोऱ्यातली रेल्वे माणसं उधन्याला आणून सोडते, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. यंत्रमागावर, प्रोसेसिंगच्या मिलमध्ये, साड्यांच्या गाठोड्यांखाली खानदेशी माणूस दिसतो. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. ही झाली इथे मुळं धरलेली माणसं. पण ज्यांचं एक पाऊल अजून गावात आहे, असेही पुष्कळ आहेत. आईबाप गावी, जमिनीचा तुकडा गावी, रेशनकार्ड गावी आणि मतही गावी. शिंदे यांच्या बाजूला गेलेल्यांत पाचोरा, एरंडोल, चोपडा, जळगाव ग्रामीण या मतदारसंघांचे आमदार होते. म्हणजे २०१९ मध्ये खाडा करून, गाडीत उभ्याने प्रवास करून जो गावी गेला आणि धनुष्यबाणाचं बटण दाबून पुन्हा मागावर येऊन उभा राहिला, तो माणूस या हॉटेलपासून काही कोसांवरच होता. त्याच्या मताचं काय करायचं हे त्याच्याच शहरात ठरत होतं. त्याला कोणी विचारलं नाही. पुढे जे लिहितो आहे, ते त्याच्या बाजूने लिहितो आहे.

त्या दिवसांतले शब्द आठवून पाहा. शिंदे यांच्या बाजूचे म्हणत होते, हा उठाव आहे. ठाकरे यांच्या बाजूचे म्हणत होते, ही गद्दारी आहे. वर्तमानपत्रांनी ‘बंड’ हा शब्द घेतला. ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या. एका बाजूने पक्षाचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे यांच्या विचारांशी निष्ठा सांगितली, दुसऱ्या बाजूने बाळासाहेबांच्या पक्षाशी आणि घराशी. शब्दांची एवढी लढाई झाली, पण दोन्हीकडच्या भाषणांत निष्ठा जात होती ती एका दिवंगत नेत्याकडे. शिंदे यांच्या कोपरी-पाचपाखाडीच्या किंवा पाचोऱ्याच्या मतदाराशी आमदाराची काही निष्ठा असते, ती मोडली की पाळली, हा प्रश्न कोणत्याच व्यासपीठावर मध्यभागी आला नाही. माझं म्हणणं असं की खरा प्रश्न तोच होता आणि आजही तोच आहे. पक्ष बदलणं हे पाप नाही. माणसाचं मत बदलतं, पक्ष स्वतः बदलतात, आणि न पटणाऱ्या पक्षात कुढत राहण्यात कसला मोठेपणा नाही. पाप आहे ते दुसऱ्याचं मत त्याला न विचारता उचलून नेण्यात.

शिंदे यांची वाटचाल इथे समजून घ्यायला हवी, कारण त्यांना नुसतं सत्तालोभी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या पलीकडे कोयनेच्या पाण्याकाठचं दरे हे त्यांचं गाव. पोटासाठी कुटुंब ठाण्यात आलं. किसननगरच्या वस्तीत ते वाढले, रिक्षा चालवली, शाखेत बसू लागले. ठाण्यातले सेनेचे नेते आनंद दिघे यांनी त्यांना घडवलं. १९९७ मध्ये ते ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले. २००० साली गावाकडे झालेल्या बोटीच्या अपघातात त्यांची दोन मुलं गेली. त्यानंतर सगळं सोडून घरात बसलेल्या या कार्यकर्त्याला दिघे यांनीच पुन्हा कामाला लावलं, महापालिकेत सभागृह नेता केलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये दिघे गेले. २००४ पासून शिंदे सलग आमदार आहेत. रात्री-अपरात्री फोन उचलणारा, दवाखान्यात पोचणारा, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी धावणारा नेता ही त्यांची ठाण्यातली ओळख. ती खोटी नाही. माणसं त्यांच्या मागे उभी राहिली, ती केवळ सत्तेच्या आमिषाने राहिली असं म्हणणं म्हणजे त्या तीस वर्षांच्या राबण्याचा अपमान आहे.

पण याच ठाण्यात निष्ठेचा एक विशिष्ट अर्थ रुजला होता, तोही सांगायला हवा. १९८९ च्या महापौर निवडणुकीत सेनेची मतं फुटली आणि सेना हरली. ज्या नगरसेवकावर मत फोडल्याचा संशय होता, त्याचा खून झाला. त्या प्रकरणात दिघे यांच्यावर टाडा लागला, पुढे ते जामिनावर सुटले. गद्दाराला क्षमा नाही, हे वाक्य तेव्हापासून ठाण्याच्या राजकारणात घुमत राहिलं. इथे निष्ठा म्हणजे साहेबांशी निष्ठा, झेंड्याशी निष्ठा. तिला आधार होता प्रेमाचा आणि भीतीचाही. ज्याने नगरसेवकाला निवडून दिलं तो वॉर्डातला माणूस या निष्ठेत कुठेच नव्हता. अशा शाळेत शिकलेल्या माणसाने पुढे एका नेत्याची निष्ठा सोडली, तेव्हा त्याने दुसऱ्या, दिवंगत नेत्याची निष्ठा पुढे केली. मतदाराकडे जाण्याचा तिसरा रस्ता त्या शाळेत कोणी दाखवलाच नव्हता.

शिंदे यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी आधीच मान्य करतो. २०१९ ची विधानसभा निवडणूक शिवसेनेने भाजपबरोबर युती करून लढवली. निकालानंतर ती युती मोडून काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार झालं. ज्याने युती म्हणून धनुष्यबाणाला मत दिलं, त्याला तेव्हा कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये जे केलं, ते कायद्यात बसणारं होतं, पण मतदाराला दिलेल्या शब्दाला धरून नव्हतं. भाजपनेही त्याच महिन्यात अजित पवार यांना घेऊन पहाटेचा शपथविधी केला होता. तेव्हा त्यांना या विषयावर बोलायचा अधिकार उरत नाही. पण एकाने मतदाराला विचारलं नाही म्हणून दुसऱ्यालाही न विचारण्याची मोकळीक मिळते का? चुकीची भरपाई चुकीने होत नाही. २०१९ ची तक्रार खरी होती, तर तिचा निवाडा पाचपाखाडीत मागायला हवा होता. तो डुमस रस्त्यावर मागता येत नाही.

या शहराने याआधीही एका पक्षाची फूट पाहिली आहे, आणि तीही मराठी माणसांच्या पुढाकाराने झालेली. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथे जहालांचा जोर दिसल्यावर ते सुरतेला हलवलं, कारण सुरतेवर फिरोजशहा मेहता यांच्या मवाळ गटाची पकड होती. तापीकाठच्या मंडपात दीड हजारांहून जास्त प्रतिनिधी जमले. वाद होता तो आदल्या वर्षी कलकत्त्याला झालेल्या स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या ठरावांचा. ते ठराव पातळ होणार अशी टिळकांना शंका होती. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव पुढे आलं. २७ डिसेंबरला टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर चढले आणि बोलू द्या म्हणून तिथेच उभे राहिले. मंडपातून एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागून फिरोजशहा मेहता यांच्यावर आदळला. खुर्च्या उडाल्या, पोलीस आत आले, अधिवेशन मोडलं. तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने लिहून ठेवलं आहे की जमाव टिळकांच्या अंगावर धावून आला, तेव्हा त्यांच्या बाजूला उभं राहून दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला धावले ते गोपाळ कृष्ण गोखले. ज्यांच्याशी भांडण, तेच.

ती फूट कुरूप होती, देशाला महागात पडली. पुढच्या वर्षी टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. काँग्रेस हे नाव मवाळांकडेच राहिलं आणि १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत टिळकांचे लोक बाहेर होते. त्या प्रतिनिधींच्या हातात आजच्या आमदारासारखी जागा नव्हती, सरकार पाडायची ताकद नव्हती, हा फरक मी विसरत नाही. तरीही ती फूट मंडपात झाली, भर दिवसा झाली. कोण कशासाठी भांडतो आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं. टिळकांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी व्यासपीठावर उभं राहून म्हणायचा प्रयत्न केला. बाहेर पडल्यावर त्यांनी लोकांत जाऊन पुन्हा ताकद उभी केली. २०२२ ची फूट रात्रीच्या गाड्यांत, बंद दारांमागे, परराज्याच्या पोलीस पहाऱ्यात झाली. राज्याबाहेर जावं लागलं, कारण तिथे आपले कार्यकर्ते, आपले मतदार येऊन विचारू शकत नव्हते. एकशे पंधरा वर्षांनी त्याच शहरात मराठी राजकारणाने एवढं अंतर कापलं.

आमदार उचलून दूर नेण्याचा हा प्रकार गुजरातलाही नवा नव्हता. १९९५ मध्ये भाजपचे शंकरसिंह वाघेला आपल्याच पक्षाचे मुख्यमंत्री केशुभाई पटेल यांच्याविरुद्ध उठले आणि आपले आमदार खजुराहोला घेऊन गेले. तेव्हापासून गुजरातीत खजुरिया, हजुरिया आणि मजुरिया असे तीन शब्द झाले. गेलेले, राहिलेले आणि काठावरचे. वाघेला वर्षभरानंतर मुख्यमंत्री झाले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, तिथूनही बाहेर पडले. याच्या उलट टोकाला सुरतेचे काशीराम राणा. १९८९ पासून २००४ पर्यंत सहा वेळा या शहराने त्यांना भाजपचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं. वाजपेयी सरकारात ते वस्त्रोद्योगमंत्री होते, आणि कापडाच्या या शहराला त्याचं अप्रूप होतं. २००९ मध्ये त्यांचं तिकीट कापलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते केशुभाईंच्या नव्या पक्षात गेले आणि त्याच महिन्याच्या अखेरीला वारले. आयुष्याच्या शेवटी त्यांनीही पक्ष बदलला. पण तेव्हा त्यांच्या हातात ना खासदारकी होती ना कसलं पद. स्वतःखेरीज त्यांनी कोणाचं काही नेलं नाही. दोन्ही गोष्टींना आपण पक्षांतर हा एकच शब्द लावतो, तिथे आपली गल्लत होते.

कायद्यानेही हीच गल्लत केली. १९६७ च्या निवडणुकीनंतर देशभर आमदार पक्ष बदलू लागले. हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि आयाराम-गयाराम हा शब्द जन्मला. लोकसभेच्या ठरावावरून समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. समितीने मांडलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. त्या एका वर्षात ४३८ पक्षांतरं झाली, आणि पक्ष सोडणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं. रोगाचं मूळ इतकं उघड होतं. चव्हाण समितीने उपायही सुचवला. पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नका. १९८५ मध्ये कायदा आला तेव्हा तो दहाव्या परिशिष्टाच्या रूपाने, वेगळ्याच वळणाने आला. एकट्याने गेलात तर आमदारकी जाईल, एकतृतीयांश मिळून गेलात तर ती फूट आणि तिला माफी. २००३ च्या घटनादुरुस्तीने फुटीची ही पळवाट बंद केली. दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल तर दोनतृतीयांश हवेत, एवढीच सवलत उरली.

इथे शिंदे यांच्या गटाची खरी अडचण होती. तेव्हा शिवसेनेचे ५५ आमदार होते, दोनतृतीयांश म्हणजे ३७. तेवढे जमले, चाळीसपर्यंत गेले. पण कायदा म्हणतो विलीन व्हा, आणि ज्या भाजपबरोबर सरकार बनवायचं होतं, त्या भाजपमध्ये विलीन होणं म्हणजे शिवसेना हे नाव सोडणं. मग त्यांनी भूमिका घेतली की आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत. पक्षांतर रोखायला केलेल्या कायद्याने पक्षांतर करणाऱ्याला हे शिकवलं. घर सोडून जाऊ नकोस, दारावरची पाटी काढून बरोबर ने. वर्षभराने अजित पवार यांनी राष्ट्रवादीत तेच केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ त्यांच्याकडे गेलं.

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. त्या आदेशातला हिशेब वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो, आणि अजून आहे. पक्ष संघटनेतलं बहुमत नक्की करता येत नाही, म्हणून आयोगाने लोकप्रतिनिधींचं बहुमत पाहिलं. त्यासाठी २०१९ मध्ये सेनेच्या विजयी आमदारांना पडलेली मतं मोजली. त्यांतली सुमारे ७६ टक्के मतं शिंदे यांच्याबरोबरच्या चाळीस आमदारांच्या नावावर निघाली. आता यात काय घडलं ते सावकाश पाहा. पाचोऱ्याच्या माणसाने बटण दाबलं ते धनुष्यबाणापुढचं. ते मत चिन्हाला होतं, युतीला होतं, उमेदवाराला होतं, तिन्ही मिळून होतं. उमेदवार उठून गेला. ते मत त्याच्या खिशात आहे असं धरलं गेलं. आणि त्या खिशातल्या मतांच्या जोरावर धनुष्यबाण त्याला मिळाला. म्हणजे ज्या चिन्हासाठी मत दिलं, ते चिन्ह कोणाचं हे ठरवायला तेच मत साक्षीला आणलं. साक्षीदाराला मात्र बोलावलं नाही. आयोगाने आधीच्या न्यायनिवाड्यांना धरून निर्णय दिला असेल, काँग्रेस फुटीच्या १९७१ च्या खटल्यापासून बहुमताची कसोटी चालत आली आहे. पण कसोटी जुनी आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. मतदाराचं मत मोजायचं आणि मतदाराला मोजायचं नाही, ही लोकशाहीतली मोठी चूक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं. शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा ठरवली, कारण प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ गटाचा नसतो. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांवर सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ ला शिंदे यांचा गट हीच शिवसेना ठरवली आणि कोणालाच अपात्र केलं नाही. नार्वेकर स्वतः शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि तिथून भाजपमध्ये आलेले. त्यांच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. पण पक्षांतराचा निवाडा सत्ताधारी पक्षाच्याच माणसाकडे ठेवणारी व्यवस्था कोणत्याही अध्यक्षाला निःपक्ष राहू देणार नाही. हा दोष व्यक्तीहून मोठा आहे.

गोव्याची गोष्ट याहून बोचणारी. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. दोनतृतीयांश भरले, कायदा गप्प बसला. देवापुढची शपथही कामी आली नाही, कारण ती चुकीच्या जागी घेतली होती. शब्द द्यायचा होता मतदाराला.

मतदाराला विचारणं अशक्य आहे का? विचारणारे होते. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसबाहेर पडले, तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, विधानसभेतल्या जागांचे राजीनामे दिले. काँग्रेसच्या तिकिटावर आलो, काँग्रेस सोडली, तर जागा आपली नाही, इतका साधा विचार. पोटनिवडणुकीत नरेंद्र देव बाबा राघवदास यांच्याकडून हरले. आपल्याकडे नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले, राजीनामा देऊन मालवणमधून काँग्रेसतर्फे पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. राणे यांच्या राजकारणाविषयी कोणाचं काहीही मत असो, ही एक गोष्ट त्यांनी नीट केली. उदयनराजे भोसले २०१९ मध्ये राष्ट्रवादीतून निवडून आल्यावर चार महिन्यांतच भाजपमध्ये गेले, खासदारकी सोडली आणि साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून सुमारे ८७ हजार मतांनी हरले. पुढे २०२४ मध्ये तिथूनच भाजपतर्फे निवडून आले. गुजरातेत अल्पेश ठाकोर काँग्रेसमधून भाजपमध्ये आले, राजीनामा देऊन राधनपूरला हरले, नंतर दुसऱ्या मतदारसंघातून आले. कोणी जिंकलं, कोणी हरलं. प्रत्येक ठिकाणी शेवटचा शब्द मतदाराचा होता, आणि हरलेल्याचंही राजकारण त्याने संपलं नाही.

राजीनाम्याचाही गैरवापर होतो, हे कर्नाटकात २०१९ ला दिसलं. आमदारांनी ठरवून राजीनामे दिले, सरकार पडलं, आणि पोटनिवडणुकीत १५ पैकी १२ जागा भाजपने जिंकल्या. त्यात पैसा होता, सत्ता होती, सगळं होतं. तरी मतदान झालं. ज्याला नको होतं त्याला नाही म्हणायची एक संधी मिळाली. ही संधी महाराष्ट्राला जून २०२२ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत मिळाली नाही. जवळजवळ अडीच वर्षं राज्य अशा सरकारने चालवलं, ज्याच्यासाठी कोणी कधी मत मागितलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तो पक्ष सोडला, किंवा त्या पक्षाच्या नेतृत्वाविरुद्ध जाऊन वेगळं सरकार बनवलं, तर एकटे असा की चाळीस असा, जागा रिकामी झाली पाहिजे आणि पोटनिवडणूक झाली पाहिजे. विलीनीकरणाची सवलत काढून टाकावी. निर्णय अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. यावर आक्षेप येईल की पक्षाध्यक्ष मग हुकूमशहा होईल, आमदार गुलाम होईल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवलं होतं तसं, पक्षादेशाचं बंधन सरकारच्या विश्वासाच्या मतापुरतंच ठेवावं. बाकी प्रत्येक विधेयकावर आमदाराला आपल्या बुद्धीने मत देता यावं. आज उलट आहे. शिक्षणाच्या विधेयकावर पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, आणि सरकार पाडलं तर मंत्रिपद मिळू शकतं.

सुरतेच्या मतदाराने हे सगळं आणखी जवळून सोसलं आहे. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत त्याने आम आदमी पक्षाला २७ जागा दिल्या, म्हणजे पालिकेत विरोधी पक्ष दिला. काँग्रेसला एकही दिली नाही. दोन वर्षांत त्यांतले बरेच नगरसेवक टप्प्याटप्प्याने भाजपमध्ये गेले. मग २०२४ च्या लोकसभेला काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असं सांगितलं. बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. त्या निवडणुकीत माझ्या शहरात मतदान झालंच नाही. मतदाराला न विचारता राजकारण करायची सवय लागली की ती कुठवर जाते, याचं उत्तर शोधायला मला शहराबाहेर जावं लागत नाही.

२०२२ च्या त्या रात्री निघालेल्यांपैकी दोन आमदार मागे फिरले. धाराशिवचे कैलास पाटील वाटेत गाडीतून उतरून भर पावसात चालत, मग दुचाकीवर, मग ट्रकमध्ये बसून मुंबईला आले. बाळापूरचे नितीन देशमुख नंतर परतले आणि आपल्याला जबरदस्तीने नेल्याचा आरोप त्यांनी केला. शिंदे गटाने तो नाकारला. २०२४ मध्ये दोघेही आपापल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत शिंदे यांच्या सेनेला ५७ जागा मिळाल्या, ठाकरे यांच्या सेनेला २०. शिंदे यांचे लोक म्हणतात, बघा, जनतेने मान्यता दिली. कौल मी मान्य करतो. पण तो अडीच वर्षांच्या सत्तेनंतर, नाव आणि चिन्ह हाती आल्यावर घेतलेला कौल आहे. तो मागच्या तारखेने लागू होत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. २०१९ मध्ये कोपरी-पाचपाखाडीतून शिंदे सुमारे ८९ हजारांनी जिंकले होते. २०२४ मध्ये दिघे यांचे पुतणे केदार दिघे समोर असताना ते सुमारे १ लाख २० हजारांनी जिंकले. जून २०२२ मध्ये ते सुरतेऐवजी किसननगरला गेले असते, राजीनामा ठेवून म्हणाले असते की मला हे सरकार पटत नाही, तुम्ही सांगा, तर तिथली माणसं त्यांच्याच बाजूने उभी राहिली असती. एकनाथ शिंदे हरले नसते. त्यांनी विचारायला हवं होतं.